कापलेली खोली

घरातून चहाची गाळणी नाहीशी झाली, तेव्हा सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. गाळण्या हरवतातच. पण मग त्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यातून गायब होऊ लागली, दात कोरायच्या काड्यांची डबी रिकामी झाली, आणि नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, जो त्यांनी स्वतः जिन्याखाली नेऊन टाकला होता, तोही तिथून चालता झाला. कचरा चोरणारा चोर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि चोर त्यांनी काही कमी पाहिले नव्हते.

सासूबाई पूर्वी बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, नजर मात्र अजून निवृत्त व्हायची होती. भरल्या बसमध्ये फुकट्या कसा ओळखायचा, याचा त्यांचा एक साधा नियम होता. जो आपल्याला बघून उगाच हसतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. हाच नियम त्यांनी घरालाही लावला होता. त्यांचा पलंग खोलीच्या दारासमोर होता आणि उशीला टेकून बसलं की कोण आलं, कोण गेलं, फ्रिज कोणी उघडला, सगळं दिसत असे. ते दार दिवसा लावायची पद्धत त्या घरात नव्हती, म्हणजे सासूबाईंनी ती पडू दिली नव्हती.

आणि हल्ली सूनबाई त्यांना बघून उगाच हसत होती.

सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढायची. कामावरून आली की ती आणि तिचा नवरा आपल्या खोलीचं दार आतून लावून घेत, आणि थोड्या वेळाने फटीतून काहीतरी जळल्याचा वास येई. एकदा सासूबाई फिरून परतल्या, तर त्यांच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीची बारीक खूण होती. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "आधीचीच असेल." असं म्हणून तोही हसला. सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्याबरोबर त्यांनी समोरच्या शिवणकाकूंना साक्षीदार म्हणून बोलावलं. शिवणकाकू कपडे शिवायच्या आणि दुसऱ्यांच्या घरात काय उसवलंय याची त्यांना फार काळजी असे. दोघींनी मुलाच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे चादरीखाली झाकलेलं काहीतरी होतं. ओढून बाहेर काढलं, तर ते त्यांचंच घर निघालं.

तापलेल्या तारेने कापलेल्या थर्माकोलच्या भिंती होत्या, जळका वास त्याचाच होता; भिंतींना खराखुरा रंग होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला गाळणीची जाळी बसवली होती. गोळ्यांच्या पाकिटांचे दिवे झाले होते, बाटल्यांच्या झाकणांची पातेली झाली होती, आणि फ्रिजच्या थर्माकोलमधून कापलेला इवलासा फ्रिज कोपऱ्यात उभा होता. सासूबाईंना आधी आनंदच झाला, कारण चोर सापडला होता. सूनबाईला हा नाद जुना होता. मागे एकदा तिने सासूबाईंच्या गुडघ्याखालच्या उशीतला फोम कापून त्याचा डोंगर केला होता. बोगद्यासकट झाला होता, देखणा झाला होता, पण डोंगर की गुडघा असा प्रश्न आल्यावर सासूबाईंनी गुडघ्याची बाजू घेतली. पुष्कळ अबोला झाला आणि शेवटी सूनबाईने हा उद्योग बंद करायचं सगळ्यांसमोर कबूल केलं. आता ती मुद्देमालासह सापडली होती.

मग सासूबाई आपली खोली शोधू लागल्या.

ती कुठेच नव्हती. बाहेरची खोली होती, स्वयंपाकघर होतं, मुलाची खोली होती, बाल्कनीसुद्धा होती. सासूबाईंची खोली जिथे सुरू व्हायची, तिथे घरच संपत होतं. शिवणकाकूंनी चष्मा वर करून कडेवरून बोट फिरवलं.

"ताई, हे तुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कापलेलं आहे. कात्री चालवल्यासारखं सरळ."

सासूबाई घाबरल्या. हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण त्या घाबरल्याच. घर मुलाच्या नावावर होतं, स्वयंपाकघर केव्हाच सुनेच्या हाती गेलं होतं. आपली म्हणावी अशी ती एकच खोली उरली होती. सरळ विचारावं, तर दुसऱ्याच्या पलंगाखाली डोकं घातल्याचं सांगावं लागणार. म्हणून त्यांनी सगळं जसंच्या तसं आत ढकललं आणि जेवताना सहज विषय काढावा तसा काढला.

"माझी खोली तशी मोठीच आहे, नाही?"

मुलाचा घास तोंडाशी थांबला. आईने मॉडेल पाहिलं की काय, या धसक्याने तो आधी बायकोकडे पाहून हसला, मग आईकडे पाहून हसला, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा घाईघाईने म्हणाला, "आई, तू शनिवारी ताईकडे का जात नाहीस? जरा बदल होईल."

सासूबाईंच्या हिशोबी आता पुराव्याची गरजच उरली नाही. आपण लेकीकडे जायचं आणि परत येईपर्यंत इथे खोलीच नसायची. त्यांनी फिरायला जाणं बंद केलं, जेवणाचं ताट खोलीत मागवलं आणि शिवणकाकूंच्या ओळखीचा सुतार बोलावून दाराला आतून एक जाडजूड कडी बसवून घेतली. कडी कशाला, असं सूनबाईने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, वारा फार येतो. त्या आठवड्यात पान हलत नव्हतं, पण सूनबाईच्या स्वतःच्याच मनात खोट असल्यामुळे तिने जास्त चौकशी केली नाही.

शनिवार आला. सासूबाई लेकीकडे गेल्या नाहीत. कडी लावून त्या पलंगावर ताठ बसून राहिल्या. थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली, काहीतरी घासत सरकवल्याचा आवाज आला, आणि मग दाराला अगदी लागून मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "भिंत पडेल गं. कुठून धरू?"

"आईंच्या बाजूने धर," सूनबाई म्हणाली. "तिकडे आता काहीच नाहीये."

बस. सासूबाई उठल्या आणि रंगेहाथ पकडायला म्हणून त्यांनी कडी ओढली. कडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, चपलेने ठोकली, तरी ती जागची हलेना. इतका वेळ ज्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, त्यांनाच आता हाका मारायची वेळ आली.

मुलाने हातातलं घर दारासमोरच्या स्टुलावर ठेवलं आणि दाराला खांदा लावला. उपयोग झाला नाही. सुताराला पुन्हा बोलावलं. त्याने बाहेरून कान लावला, खटपट केली, आणि कडी उत्तम बसल्याचं अभिमानाने सांगितलं. "आजी, कडी आता निघत नाही. दारच काढावं लागेल," तो म्हणाला. चौकटीची एक बाजू फोडून, अर्ध्या तासाच्या ठोकाठोकीनंतर त्याने आख्खं दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. खोली कोणी घेऊ नये म्हणून लावलेल्या कडीपायी खोलीला दारच राहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

धूळ खाली बसली. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि त्यांच्या समोर स्टुलावर ते थर्माकोलचं घर होतं. आता लपवण्यासारखं कोणाकडेच काही उरलं नव्हतं. मुलाने सगळं सांगून टाकलं. वाचनालयात 'आपलं घर' या विषयावर प्रदर्शन होतं, आज मॉडेल नेऊन द्यायचं होतं, आणि आईच्या पलंगासमोरून ते बाहेर काढणं अशक्य होतं, म्हणून ताईकडे जायचा आग्रह. गाळणीबद्दल सूनबाईने माफी मागितली. सासूबाईंनी गाळणीचा विषय हाताने बाजूला सारला.

"माझी खोली कुठे आहे?"

त्यांचा आवाज थोडा कापला. तसा आवाज त्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता, आणि सूनबाई चपापली.

"तुम्ही बसलाय तीच, आई," ती म्हणाली. "मॉडेलची एक बाजू उघडी ठेवावी लागते. नाहीतर माणूस बघणार कुठून? कुठली भिंत काढायची ते ठरवायला मी सगळ्या खोल्यांत उभी राहून पाहिलं. आमच्या खोलीतून बाहेरचं दार दिसत नाही. स्वयंपाकघरातून बाल्कनी दिसत नाही. सगळं घर एकाच जागेवरून दिसतं, तुमच्या पलंगावरून. म्हणून बघणाऱ्याला मी तिथे बसवलं. तुमची खोली काढली नाही मी. जो बघेल, तो तुमच्या खोलीत बसून बघेल."

सासूबाईंनी एकदा छोट्या घराकडे पाहिलं, एकदा त्याच्यावरून मागच्या मोठ्या घराकडे. तेच दार, तोच फ्रिज, तीच बाल्कनी. इतकी वर्षं आपण लपून बघतोय असं त्यांना वाटत होतं, आणि सुनेने त्याचं चक्क मोजमाप घेतलं होतं. त्यांना बरं वाटलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. त्यांनी चष्मा लावला आणि बस तपासावी तसं घर तपासायला घेतलं. पडद्याचा रंग फिका आहे म्हणाल्या. फ्रिजचं दार उजवीकडे उघडतं म्हणाल्या. मग आणखी वाकून, मान वाकडी करून त्यांनी बाल्कनीतल्या कपाटामागे पाहिलं आणि त्या थांबल्या.

कपाटामागे आगपेटीच्या काड्यांची एक छोटी खुर्ची होती. तिच्यावर कापसाची गादी होती, शेजारी टूथपेस्टच्या झाकणाचं टेबल होतं आणि टेबलावर मण्याएवढा कप होता.

त्यांनी मान वर करून खऱ्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे कपाट होतं. कपाटामागचं काही पलंगावरून दिसत नव्हतं. या घरात आपल्याला न दिसणारी एक जागा आहे, हे त्यांना आजवर कोणी कळू दिलं नव्हतं.

"ही खुर्ची कोणाची?"

मुलगा चौकटीच्या ढलप्या गोळा करू लागला. सूनबाई सासूबाईंना बघून हसली, अगदी उगाच.

"तिकीट नाही तुझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "इथे शेजारी अजून एक बसेल. माझी खोली कापलीस ना, मग मला इथे बसव. आणि कप मोठा कर, एवढ्याशा चहाने माझं भागत नाही."

सूनबाईचं हसू हळूहळू मावळलं. मग ती आगपेटी शोधायला स्वयंपाकघरात गेली.