मेंढ्यांच्या नावाची न्हाणी

मेंढ्यांची लोकर कातरायला शेड बांधायची, तिचा खर्च श्यामने पहिल्यांदा घरात वाचून दाखवला, तेव्हा जमुनाबाईंनी काहीच हरकत घेतली नाही. उलट लेकाच्या ताटलीत दोन लाडू जास्तीचे ठेवले. बकरी ईदच्या आधी त्यांच्या नवऱ्याने, नत्थुजींनी, कळपातले नर विकले होते, भाव चांगला लागला होता आणि तीन लाख रुपये बँकेत येऊन पडले होते. श्यामचा आकडा दोन लाखांच्या आत बसत होता. "शेड आधी. उरन त्याच्यात तुही न्हानी," असं नत्थुजींनी चार माणसांदेखत कबूल केलं होतं. उरणाऱ्या पैशात दोन न्हाण्या झाल्या असत्या. जमुनाबाईंना एकच हवी होती.

सध्याच्या न्हाणीला न्हाणी म्हणणं हा घरच्यांचा मोठेपणा होता. दोन बाजूंना टिन, एका बाजूला गोठ्याची भिंत, पुढे बारदान्याचा पडदा आणि वर आभाळ. गावातली घरं ठेंगणी होती तोवर तेही चालून गेलं. पण यंदा मागच्या घरावर मजला चढला, आणि त्या घरचे म्हातारेबुवा उजाडल्यापासून वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. म्हाताऱ्याला दिसत नाही असं सगळे सांगत. जमुनाबाईंना ते स्वतः तपासून बघायचं नव्हतं. त्या अंधार असताना उठत, दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडव्या बसत आणि चार तांबे अंगावर घेऊन बाहेर पडत. एकदा दार लावून, घाई न करता आंघोळ करायची, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती फार होती.

श्याम अकोल्याहून शेतीचा डिप्लोमा करून आला होता. शेडची कल्पना त्याची. तिच्यामागे कळकळ मात्र खरी होती, कारण वाकून वाकून नत्थुजींची कंबर पार गेली होती.

"मेंढी टेबलावर अन् तुमी उभे," श्याम समजावत होता. "मशीन फिरवली का झालं."

"टेबलावरून मेंढी उतरन नं," नत्थुजी म्हणाले.

"तिले पट्टा असते."

"पट्टा लिहला काय?"

"नाही."

"लिही."

नत्थुजी मुळात कमी बोलत. मेंढ्यांच्या बाबतीत तर ते बहुतेक हा एकच शब्द बोलत. लोकर विकून वर्षाला जे हाती येई त्यात घरचं मीठ-मिरची सुटत असे, पण हा मुद्दा कोणी काढला नाही. शेड मेंढ्यांची होती आणि मेंढ्या घरच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन मिस्त्री जागा पाहायला आला. त्याने जमिनीतल्या भेगेत काठी घातली. काठी बरीच आत गेली.

"कायी माती हाय, नत्थुजी. मुरूम लागेपर्यंत खोदा लागन. नाहीतर ह्या दिवाईले इकडे तोंड असलेली शेड पुढच्या दिवाईले दर्यापूरकडे पाहीन."

पाया खोल गेला. त्या संध्याकाळी श्यामने हिशेबातून न्हाणीचं प्लास्टर कमी केलं. मग दर्यापूरहून लोखंडी कामवाला धर्मपाल आला. त्याने खांबांची मापं घेतली, चहा घेतला आणि जाता जाता सहज म्हणाला, "मशीन लायटीवर चालते नं? अर्धी मेंढी कातरली अन् लाइन गेली तं?"

अर्धी कातरलेली मेंढी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. नत्थुजींना ती जरा जास्तच स्पष्ट दिसली असावी.

"इन्वर्टर लिही," ते म्हणाले.

इन्वर्टरमुळे न्हाणीचा स्लॅब गेला आणि टिन आलं. शेडमध्ये फटी असलेली लाकडी फरशी पाहिजे असं ठरलं तेव्हा न्हाणीचं दार गेलं. लोकर ठेवायला ओटा ठरला तेव्हा, गोठ्याची भिंत आहेच की, असं म्हणत एक भिंत वाचवली गेली. मग दुसरी वाचली. शेवटी एके दिवशी न्हाणीच्या नावाने एक फरशी उरली.

"शहाबादी धरली हाय," श्याम म्हणाला.

"शहाबादी कावून? कडप्पा धर," नत्थुजी म्हणाले. "तुह्या मायनं इतक्या वर्सात काही मागतलं हाय का?"

जमुनाबाईंना संताप आला. त्या रात्री भाकरी इतक्या जोरात थापल्या गेल्या की प्रणालीने, म्हणजे सुनेने, परातीखाली फडकं घातलं. त्याच आठवड्यात कळपातली एक मेंढी दोनदा शिंकली. नत्थुजींनी अमरावतीहून गाडी करून जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, धूळ गेली असेल. मागच्या साली जमुनाबाई तापाने फणफणल्या होत्या तेव्हा नत्थुजींनी घरातली गोळी शोधून दिली होती. जमुनाबाई डॉक्टरची गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. गाडी गेली तरी त्या बराच वेळ तिथेच होत्या.

त्या संध्याकाळी पुढचा प्रश्न निघाला. कातरण्याआधी मेंढ्या धुवाव्या लागतात. आजवर त्या नदीवर नेत.

"नदीत आता पानी कमी अन् बेशरमाची झाडं जास्त," नत्थुजी म्हणाले. "धुवायचं कुठी?"

"शेडच्या बाजूले एक ओटा करू. नळ लावू," श्याम म्हणाला.

"उघड्यावर?" चुलीपाशी बसलेल्या जमुनाबाईंनी विचारलं.

बाप-लेकाने वळून पाहिलं. बजेटच्या बैठकीत त्या आजवर बोलल्या नव्हत्या.

"दिवाईनंतरचा वारा असते," त्या भाकरीकडे पाहत म्हणाल्या. "ओली मेंढी उघड्यावर. मागच्या साली दोन कायनं गेल्या?"

"निमोन्यानं," नत्थुजी गंभीर झाले. "भिंत लिही."

"एका बाजूनं?" श्यामने विचारलं.

"वारा कोण्या बाजूनं येईन, हे का तो सांगून येते?" जमुनाबाई म्हणाल्या.

"चारी लिही."

अशा रीतीने मेंढ्या धुवायच्या खोलीला चार भिंती मिळाल्या. नवऱ्याशी स्वतःसाठी बोलण्यात आपण तीस वर्षं फुकट घालवली, हे जमुनाबाईंच्या ध्यानात आलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटत बसायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी छताचा विषय काढला. वरून घार झडप घालते, नवी कोकरं असतात. स्लॅब लिहिला गेला. सिमेंटवर शेवाळ धरतं, मेंढी घसरली तर पाय जातो, म्हणून खाली खरबरीत टाइल्स आल्या. लोकरीचा मळ भिंतीला बसतो, म्हणून भिंतींनाही आल्या, त्या मात्र चकचकीत. बोअरचं पाणी खारं, साबणाला फेसच येत नाही, मग मेंढी धुऊन उपयोग काय? गोड्या पाण्याची वेगळी टाकी आली.

प्रणाली हे सगळं भांडी घासता घासता ऐकत होती. सासू-सुनेत याबद्दल एक अक्षर झालं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी ती हात पुसत म्हणाली, "बाबा, कोमट पान्यानं लोकर लवकर सुटी होते म्हनते. गिझर असता तं बरं होतं. अन् खिडकी उंच घ्या. काच धुरकट घ्या. बाहेरचं दिसलं का मेंढी बुजते."

नत्थुजींनी सुनेकडे कौतुकाने पाहिलं. "पोरीले मेंढ्यायचं समजते," ते म्हणाले.

दाराच्या कडीवर मात्र गाडी अडली.

"आतून कडी कावून?" नत्थुजींनी विचारलं. "मेंढी लावते का कडी?"

"धुवनारा लावते," जमुनाबाई म्हणाल्या. "नाहीतर अर्धी धुतलेली मेंढी बाहेर पयते अन् मातीत लोयते."

"अन् खुंटी?"

"धुवनाऱ्याचे कपडे ओले होत नाही का?"

हे नत्थुजींना पटलं. आरसा मात्र जमुनाबाईंनी सुचवला नाही. कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

पैसे तेवढेच होते. त्यामुळे आता कात्री शेडवर चालू लागली. आधी इन्वर्टर गेला. मग लाकडी फरशी, मग टेबल, मग भिंती गेल्या. मशीन आधीच मागवली होती, ती खोक्यातून येऊन पडली. धर्मपालने खांब उभे केले त्या दिवशी बँकेतून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. टिन पुढच्या साली टाकू असं ठरलं.

"खांब मजबूत हाय," धर्मपाल म्हणाला. ते खरंच होतं. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

दिवाळी झाली आणि कातरणीचा दिवस ठरला. या कामाला मजूर लावायची पद्धत नाही. भाऊबंद एकमेकांच्या मेंढ्या कातरतात, मजुरी घेत नाहीत, पोटभर जेवतात. मशीन असल्यावर भाऊबंदांची गरज नव्हती. पण न बोलावलं तर वर्षभर रुसवा, म्हणून त्यांना निव्वळ पाहायला बोलावलं गेलं. अकोटकडून नत्थुजींचे मोठे भाऊ आले, पाठोपाठ चुलतभाऊ आणि भाचे आले. पाहायला आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत आपापली कातर होती.

जमुनाबाई निश्चिंत होत्या. इतकी वर्षं मेंढ्यांत गेल्यावर त्यांना एवढं ठाऊक होतं की मेंढी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. झालंही तसंच. कळपाची पुढारी मेंढी दारापाशी आली, तिला समोरच्या चकचकीत भिंतीत आणखी एक मेंढी दिसली, आणि तिने चारही पाय रोवले. मागचा सगळा कळप थांबला. तिला ढकललं, ओढलं, हरभरा दाखवला. श्यामने स्वतः आत जाऊन तिला या-या केलं. शेवटी नत्थुजी घाम पुसत म्हणाले, "राहू द्या. न धुताच कातरू."

जमुनाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. घरात टॉवेल आणि नवा कोरा साबण त्यांनी सकाळपासून काढून ठेवला होता. माणसं कामाला लागली की झालं.

पण मोठे भाऊ कामाला लागले नाहीत. जीपमधून धूळ खात आलेले, ते खोलीत डोकावले. नळ सोडला. हात पाण्याखाली धरला.

"बाप्पा," ते म्हणाले, "गरम हाय."

त्यांनी टोपी काढली आणि खुंटीला अडकवली.

जमुनाबाई लग्न होऊन आल्यापासून मोठ्या दिरासमोर कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं, हीच रीत. त्यांनी पदराआडून नत्थुजींना डोळ्यांनी खुणावलं. नत्थुजींना वाटलं, स्वयंपाकाचं विचारते आहे.

"हो, टाक वरन," ते म्हणाले.

दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मोठे भाऊ बऱ्याच वेळाने बाहेर आले ते भांग पाडून. मग वयाच्या क्रमाने पुढचे गेले, त्यांच्यामागून त्यांच्याहून लहान. न्हाऊन झालेली सगळी मंडळी चार खांबांच्या मधोमध बसली आणि कातरी चालू लागल्या. इतकी स्वच्छ माणसं इतक्या मळक्या मेंढ्या कातरताना गावाने आधी पाहिली नव्हती. मशीनचं खोकं उघडलंच गेलं नाही, ते मोठ्या भावांना टेकायला झालं. नत्थुजींच्या कंबरेला मात्र आराम पडला, कारण त्यांच्या हाती कोणी कातर येऊच दिली नाही.

दुपारी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी झाली. जेवल्यावर लोकरीने अंग खाजतं म्हणून काही जण पुन्हा एकदा न्हाऊन आले. ऊन कलायला लागलं तेव्हा प्रणाली टाकीत डोकावून आली आणि सासूच्या कानाशी हळूच म्हणाली, "आई, एक बकेटही नाही राहिलं."

जमुनाबाई भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी बसल्या होत्या. अंगणातून आवाज आला, "श्यामची माय, चहा टाक." थोड्या वेळाने पुन्हा आला. त्यांनी हात धुतले. घरात जाऊन टॉवेल घेतला, साबण घेतला. मग पदर सारखा करून त्या लख्ख उजेडात, मोठ्या दिरासमोरून, सगळ्या भाऊबंदांच्या मधून अंगण ओलांडून गेल्या. दार लावलं. कडी घातली.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पाण्याचा आवाज येत नव्हता.

नत्थुजी उठले आणि दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "अवं, पानी नाही आत."

"माहीत हाय."

"मंग?"

"मंग काही नाही."

जमुनाबाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, पाठ टाइल्सला टेकून. भिंत अजून उबदार होती. खिडकी उंच होती, काच धुरकट होती, वर छत होतं. त्यांना कोणी पाहत नव्हतं आणि त्यांनाही कोणी दिसत नव्हतं. त्यांना फार बरं वाटत होतं.

"काय झालं रे नत्थू?" मोठ्या भावांनी अंगणातून विचारलं.

नत्थुजी बंद दाराकडे पाहत राहिले. एवढा विचार त्यांनी कोणत्या मेंढीचाही केला नसेल.

"काही नाही, दादा," ते म्हणाले. "मेंढ्यायची खोली हाय. बराबर झाली का नाही, तपासून राहिली."

"लय येळ लागन?"

"लागन," नत्थुजी म्हणाले आणि सगळ्यांचा चहा टाकायला स्वतः स्वयंपाकघरात गेले. तिकडून एकेका डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येऊ लागला. मग पुन्हा पहिल्या डब्यापासून. साखर कुठल्या डब्यात आहे, ते जमुनाबाईंना बसल्या जागेवरून सांगता आलं असतं. त्यांनी पाय लांब केले.