बटणकाकांचा टूंऽऽ

मोठ्या कंपनीने शहरातली छोटी वृत्तवाहिनी विकत घेतली, तेव्हा तिथं बटण दाबून शिव्यांवर 'टूंऽऽ' वाजवणाऱ्या बटणकाकांना वाटलं, चला, निदान आपल्या खोलीतला पंखा तरी बदलेल. पंखा बदलला. कंपनीचाच आला आणि आठवड्यात बंद पडला. वर फतवा निघाला: कंपनीचे पंखे, नळ, गाद्या यांच्याबद्दल कुणीही वाकडं बोललं, की काकांनी बटण दाबायचं आणि तो शब्द 'टूंऽऽ'खाली गाडायचा.

परवा थेट कार्यक्रमात एका बाईंचा फोन आला, "अहो, तुमचा नळ गळतोय!" काका नेमके चहात बिस्किट बुडवत होते. वाक्य अख्खंच्या अख्खं घरोघरी पोचलं. काकांना लेखी ताकीद मिळाली: पुन्हा चूक झाली, तर घरी बसा. निवृत्तीला उरले होते चार महिने! काकांनी बिस्किट सोडलं.

आज तर खुद्द मोठे साहेब मुलाखतीला आले होते. काका बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून बसले.

"खरं सांगू?" साहेब रंगात आले. "सुरुवातीला आमचे पंखे म्हणजे निव्वळ भंगार!"

टूंऽऽ.

"नळ तर नुसते गळके!"

टूंऽऽ.

निर्मातीबाई धावत आल्या. "काका, अहो ते मालक आहेत!"

"फतव्यात 'कुणीही' लिहिलंय," काका बोट न हलवता म्हणाले. "मालक सोडून, असं कुठं लिहिलंय?"

गाद्यांतल्या ढेकणांचा किस्सा तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टूंऽऽ झाला.

मुलाखत संपली आणि साहेब घामाघूम होऊन खोलीत शिरले. काकांनी डबा पिशवीत भरायला घेतला. पण साहेबांनी फोनच त्यांच्या कानाला लावला. "माझी आई आहे. मी शिव्या दिल्या म्हणते. माझं ऐकतच नाही. बटणवाल्यालाच विचारते म्हणते. सांगा तिला!"

"काय हो," फोनमधला आवाज खोलीभर घुमला, "कुठल्या शिव्या दिल्या त्यानं? पाठीशी घालू नका!"

"एकही नाही, आईसाहेब. पंख्यांबद्दल बोलत होते."

"पंखे? मेल्यानं मला दिलेला पंखा आठवड्यात बंद पडला! आणि तो नळ—"

सवयीने काकांचं बोट बटणावर पडलं. बाहेर बातम्या सुरू झाल्या होत्या; निवेदिकेचा 'नमस्कार' टूंऽऽ झाला. काकांनी जीभ चावली. गेली नोकरी! चार महिने राहिले होते हो!

साहेबांनी फोनवर हात ठेवला. अजून आतून आवाज येतच होता. ते काकांच्या कानाशी वाकले.

"काका, हे बटण आमच्या घरी बसवून मिळेल का?"