आधी पाय दखाड!

भिकनआप्पांना रामराम घातला की ते आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. "पायले काय व्हयनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. काही झालेलं नसलं तरी त्यांचं समाधान होत नाही. एकदा माझे साडू आले, तर आप्पांनी त्यांना जिन्यातच अडवून मोजे काढायला लावले आणि अंगठ्याचं नख वाढलंय म्हणून हातात नेलकटर दिलं. साडू तेव्हापासून फोनवरच बोलतात.

आप्पा पिंपळनेरकडचे. लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, उभा जन्म काढला, आता गोडादऱ्याला आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात. आम्ही सहा-सात जण सुट्टीला पाठीवर सॅक टाकून डांगच्या नाहीतर बागलाणच्या डोंगरात जातो. हे कळल्यावर आप्पांनी मला गॅलरीत गाठलं.

"तुमनामा कोनी पडनं तं काय करतस?"

"उचलतो, आप्पा."

त्यांनी कपाळावर हात मारला. महिन्याभरात ते कुठूनसा प्रथमोपचाराचा वर्ग करून आले आणि आम्हाला न विचारता आमच्या टोळीचे डॉक्टर झाले.

तेव्हापासून जीप सुटायच्या आधी चौकात तपासणी असते. "आधी पाय दखाड!" अशी आरोळी आली की आम्ही संसारी माणसं बूट काढून ओळीने कट्ट्यावर बसतो आणि चहावाला गिऱ्हाईक सोडून बघत राहतो. आप्पांच्या सॅकमध्ये काय नसतं? थर्मामीटर, चिमटा, शिट्टी, मीठसाखरेच्या पुड्या. कुणाला उचलून आणायची वेळ आली तर झोळी करायला दोन साड्या. आणि पट्ट्या! कापड बाजारातले उरलेले तुकडे आणून, उकळून, इस्त्री करून गुंडाळलेल्या, मोरांच्या आणि वेलबुट्टीच्या छापाच्या. साप चावला तर काय करायचं नाही, हे ते आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतात की डांगातल्या सापांनाही आता पाठ झालं असेल.

शिवाय एक गाठोडं. ते सॅकच्या तळाला. त्याला आम्ही 'आप्पांची उशी' म्हणायचो, कारण माथ्यावर पोचलं की आप्पा ते मांडीवर घेऊन जरा लांब जाऊन बसायचे. "आप्पा, झोप लागली तर शिट्टी वाजवा," असं मीच ओरडायचो.

पंचाईत अशी होती की कुणाला काही होतच नव्हतं. उतरताना आप्पा आशेने विचारायचे, "चक्कर? मळमळ? काहीच नही?" आम्ही ठणठणीत. आप्पा हिरमुसले होऊन सॅक बंद करायचे.

गेल्या हिवाळ्यात साल्हेरहून उतरताना त्यांचं नशीब उघडलं. माझा पाय घसरला आणि नडगी दगडावर चांगली फाटली. "हालू नको! बाकीना सरका!" आप्पांचा चेहरा उजळला होता, खोटं कशाला सांगू. जखम धुतली, मोरांची पट्टी काढली, ऐटीत गुंडाळली. पट्टी सरकून घोट्यावर आली आणि रक्त मोज्यात उतरलं. दुसरी बांधली, तीही घसरली.

"आप्पा," मी म्हणालो, "हे तर पॉलिस्टर."

आप्पांनी जन्मभर तेच कापड विणलं. मी पलसाण्याच्या मिलमध्ये रोज तेच रंगवतो. ते पाणी पीत नाही हे आम्हा दोघांना ठाऊक, पण ते रक्तही पिणार नाही हे एकालाही सुचलं नव्हतं. आप्पा हातातल्या मोरांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी तळातलं गाठोडं काढलं. ती उशी नव्हतीच. हिरवं सुती लुगडं होतं, धुऊन घडी घातलेलं. क्षणभर त्यांचा हात त्यावर थांबला. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, राहू द्या, माझा शर्ट घ्या." पण आप्पांनी काठ दातात धरला आणि चर्रकन फाडला. दोन वेढ्यांत रक्त थांबलं.

परतताना जीपमध्ये ते आपणहून बोलले. "केवळबाईना माहेरतून हाऊ डोंगर दिसे. लगीनपासून सांगे, माले एकदाव तठे लई चला. मी म्हनू, सुट्टी भेटू दे. सुट्टी भेटनी तवय ती ऱ्हायनी नही."

म्हणून ते बायकोचं लुगडं घेऊन तिला प्रत्येक डोंगरावर नेत होते. आणि मी त्याला उशी म्हणत होतो! माझी मलाच लाज वाटली.

जखम भरल्यावर माझ्या बायकोने लुगड्याची ती पट्टी तीनदा धुतली, इस्त्री केली. डाग काही गेला नाही. मी ती घेऊन शेजारी गेलो आणि माफी मागायला लागलो.

आप्पांनी पट्टी उजेडात धरली, हाताने सारखी केली आणि लुगड्याच्या घडीत ठेवली.

"ऱ्हाऊ दे डाग. तिले लोकेसना कामले येवानी भारी हौस व्हती."

मग डोळे पुसून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चप्पल काढली आणि पाय पुढे केला.