सातवर ठेवू नका

"केक माझ्याच गाडीतून जाईल," फ्रिजकाका म्हणाले, "आणि पोचेल तेव्हा त्याला हुडहुडी भरलेली असेल."

हे वाक्य त्यांनी रविवारी जेवताना, सासूबाईंच्या देखत, मेहुण्याच्या तोंडावर म्हटलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मेहुणा बिचारा एवढंच म्हणाला होता, की शनिवारी माझी गाडी रिकामीच आहे, ताईचा केक मी पोचवतो. त्याची गाडी चार महिन्यांची, पांढरी, आणि तिच्यातला एसी असा की मागे बसणाऱ्याने शाल मागावी. पण झोंबलं ना फ्रिजकाकांना. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने गल्लोगल्लीचे फ्रिज दुरुस्त केले, ज्याचं खरं नाव शेजाऱ्यांनासुद्धा आठवत नाही, त्याच्या बायकोचा केक गार हवेसाठी दुसऱ्याच्या गाडीतून जाणार? मग राहिलं काय आयुष्यात?

काकूंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आठ वर्षं त्या घरी केक करत होत्या, पण ते ओळखीपाळखीचे, वाढदिवसाचे, अर्धा किलो, एक किलो. ही पहिली मोठी ऑर्डर. वाचनालयाला पन्नास वर्षं होणार होती, त्यासाठी तीन मजली केक. प्रत्येक मजला म्हणजे एकेक जाडजूड पुस्तक, बाजूने क्रीमची पानं, आणि वर उघडं पडलेलं एक छोटं पुस्तक. ग्रंथपालबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "हा नीट झाला तर दर महिन्याच्या वाचक-मेळाव्याचं काम तुम्हालाच." काकूंनी त्या भरवशावर मोठा ओव्हन कुठे ठेवायचा ते मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. कपडे वाळत घालायची दोरी काढायची, तिथे.

"अहो, पण आपल्या गाडीचा एसी कुठे चालतो?" त्यांनी भांडी आवरताना हळूच विचारलं.

"चालतो. जरा अशक्त आहे."

"मग माझ्या भावाला..."

"अगं, आठवडा आहे हातात. गारवा हा माझा धंदा आहे."

आता त्या गाडीविषयी. सतरा वर्षांची, मूळची निळी. तिच्या एसीचं दुखणं असं, की घरातून निघाल्यावर पाचेक मिनिटं छान गार हवा यायची, आणि मग तापातल्या माणसाने फुंकर घालावी तशी कोमट. बरं, हिवाळ्यात तिचा हीटरही गेला होता. लावला की उलट गारठाच यायचा. फ्रिजकाकांनी दोन्हींचं एकच निदान केलेलं, वय झालं. गाडीबद्दल कौतुकाचा शब्द काढणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे सासूबाई. "जावईबापू, तुमच्या गाडीत बसलं की माझे गुडघे मोकळे होतात बघा," त्या गेला महिनाभर म्हणत होत्या. फ्रिजकाकांना वाटायचं, नवीन सीटकव्हरचा गुण.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, मागाहून लपवल्याचा आळ नको. हिवाळ्याच्या सुरुवातीला गाडीचं गार-गरम करायचं गोल बटण तुटलं होतं. नवीन मिळेना. तेव्हा फ्रिजकाकांनी भंगारातल्या एका फ्रिजचं बटण काढलं, आतून कानशीने घासलं आणि बसवलं. काय चपखल बसलं! पांढरंशुभ्र, त्यावर एक ते सात आकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचे. आणि घरात नियम केला, की एसी लावला की बटण पाचवर ठेवायचं. सातवर ठेवलं तर कॉइलवर बर्फ धरतो. फ्रिजमध्ये धरतो, म्हणून गाडीतही धरणार.

सोमवारी कामाला सुरुवात झाली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने रस्त्यातूनच विचारलं, "काका, काय झालं? ठेवून जा गाडी, परवा देतो."

"तू तुझं इंजिन सांभाळ," फ्रिजकाका म्हणाले. गॅरेजवाल्याने खांदे उडवले आणि तो परत एका गाडीखाली शिरला.

पहिल्या दिवशी डाव्या बाजूचा खण उतरवून मागची हवेची जाळी काढली. तिच्यातून वाळकी पानं, एक पीस, गोळीचे तीन कागद आणि काकूंचं हरवलेलं कानातलं निघालं. काकू खूश झाल्या. फ्रिजकाकांनी जाळी धुतली, वाळवली, बसवली, गाडी दारातच चालू केली आणि हवेच्या झरोक्यात फ्रिजचा थर्मामीटर खोचला. दोन मिनिटांत आठ अंश.

"बघ," ते म्हणाले.

मंगळवारी कामावर जाताना चौथ्या सिग्नलला परत कोमट.

बुधवारी त्यांनी पुढची जाळी उघडून तिच्यामागचा कंडेन्सर धुतला. त्यातून इतका चिखल निघाला की अंगणात पाटच वाहिला. पंखा तपासला, उत्तम फिरत होता. आपले गेज लावून गॅस तपासला, तोही बरोबर. परत दारात गाडी चालू, परत थर्मामीटर, परत आठ अंश. संध्याकाळी भाजी आणायला गेले, तर येताना पालक शिजायचाच बाकी होता.

दारात गार, रस्त्यावर कोमट. गुरुवारी फ्रिजकाका जेवले नाहीत. एवढ्या वर्षांत एकाही फ्रिजने त्यांना असं रडवलं नव्हतं. ते गाडीसमोर स्टूल टाकून बसले, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ्रिज दुकानात चालतो आणि घरी चालत नाही, तेव्हा काय असतं? दाराचं रबर! रस्त्यावर गाडी पळते, वारा लागतो, फटींतून गारवा निसटतो. सरळ आहे.

शुक्रवारी त्यांनी गाडीच्या चारही दारांना आतून फ्रिजचं रबर चिकटवलं. चांगलं लोहचुंबकवालं, दोन डबे गोंद लावून. खिडक्यांच्या कडा टेपने बंद केल्या. आता दार लावलं की 'चप्' असा आवाज यायचा आणि उघडायला दोन्ही हात लागायचे.

"अहो, हे उघडेल ना?" काकूंनी विचारलं.

"आत गेलेली थंडी बाहेर येणार नाही आता."

"मी माणसांचं विचारतेय."

शनिवारी दुपारी दोन वाजता केक निघाला. कार्यक्रम चारचा, रस्ता चाळीस मिनिटांचा. ऊन असं, की पायरीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. मागच्या सीटवर फळी टाकली, फळीवर केक, आणि केकच्या शेजारी त्याला धरायला सासूबाई. केक काय सुंदर झाला होता! तांबडं पुस्तक, हिरवं पुस्तक, पिवळं पुस्तक, पानाला पान वेगळं दिसत होतं. काकूंनी रात्रभर जागून वरच्या उघड्या पुस्तकावर बारीक अक्षरांच्या ओळीसुद्धा काढल्या होत्या. मेहुण्याचा फोन आला. "ताई, मी येऊ का? दहा मिनिटांत पोचतो." काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. फ्रिजकाकांनी थर्मामीटर दाखवला. आठ अंश.

"नको रे," काकू म्हणाल्या. "निघतोय आम्ही."

पहिली पाच मिनिटं स्वर्ग होता. फ्रिजकाका शीळ घालत होते. मग पूल आला, पुलावर गाड्यांची रांग आली, आणि हवा कोमट झाली.

"अहो."

"होईल."

"अहो, पिवळं पुस्तक चमकायला लागलंय."

फ्रिजकाकांनी आरशातून पाहिलं. पानं एकमेकांना चिकटत होती. थर्मामीटर तीसवर गेला होता. पंखा आधीच पूर्ण वेगावर होता. आता हातात राहिलं होतं एकच. त्यांनी बटणाकडे पाहिलं, आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं.

"धरला बर्फ तर धरू दे," ते म्हणाले. "आज सातवर ठेवतो."

आणि ठेवलं.

हवा बदलली, हे खरं. आधी काकूंच्या कपाळावरचे केस उडाले, मग कपाळाला घाम फुटला. तोंडावर आली ती गरम झळ होती, भट्टीचं दार उघडल्यावर येते तशी. थर्मामीटरचा आकडा चढू लागला. पस्तीस. एक्केचाळीस. शेहेचाळीस.

"अहो, हे काय आहे?"

"बाहेरची हवा शिरतेय. फट राहिली कुठेतरी."

"खिडकी उघडा."

"टेप लावलाय."

"मग फाडा तो टेप."

"अगं, आहे तेवढा गारवा पण जाईल."

"कुठला गारवा?" काकू रडवेल्या झाल्या. त्यांनी एका हाताने टेप ओढायला सुरुवात केली, दुसऱ्या हाताने वहीच्या पुठ्ठ्याने मागे केकला वारा घालायला. टेप निघेना. पुढची गाडी हलेना. मागच्या सीटवर हिरव्या पुस्तकाचा एक कोपरा सावकाश वाकला आणि तांबड्यावर टेकला. वरच्या उघड्या पुस्तकावरच्या ओळी खाली वाहू लागल्या.

सासूबाईंचं मात्र डोळे मिटून छान चाललं होतं. "जावईबापू, आज तर कमाल आहे," त्या म्हणाल्या. "अगदी पोटऱ्यांपर्यंत शेक येतोय."

काकूंनी वारा घालणं सोडलं होतं. पुठ्ठा मांडीवर ठेवून त्या समोर बघत बसल्या होत्या. त्या भांडल्या असत्या तर फ्रिजकाकांना बरं वाटलं असतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी वाचनालयाच्या दारात लागली. ग्रंथपालबाई पायऱ्यांवर उभ्याच होत्या. अजून तिन्ही पुस्तकं एकावर एक होती, वाकलेली, पाघळलेली, पण उभी. काकूंना तेवढ्यानेही धीर आला. पंख्याखाली नेऊन, सुरी गरम करून, कडा नीट करता आल्या असत्या. त्या पुढचं दार खांद्याने ढकलून उतरल्या आणि मागचं दार उघडायला गेल्या. दार उघडेना. उन्हाने गोंद पातळ होऊन रबर दाराला आणि दार गाडीला चिकटून बसलं होतं.

"थांब, मी ओढतो," फ्रिजकाका म्हणाले. त्यांनी एक पाय गाडीला लावला आणि होता नव्हता तो जोर लावला. दार उघडलं. ते असं उघडलं, की सगळी गाडी हलली, फ्रिजकाका कुंडीवर जाऊन बसले, आणि पिवळं पुस्तक घसरून सासूबाईंच्या मांडीत गेलं. त्याच्या मागोमाग हिरवं.

ग्रंथपालबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी आत वाकून पाहिलं. "तांबडं पुस्तक बरं आहे," त्या म्हणाल्या. त्या भल्या होत्या म्हणून एवढंच म्हणाल्या. तांबडं पुस्तक आत गेलं, लोकांनी खाल्लं, चांगलं आहे म्हणाले. एकाने विचारलं, पन्नास वर्षांना एवढासा केक? काकू तिथेच बशा पुसत उभ्या होत्या.

फ्रिजकाका बाहेर गाडीत बसून होते. आत जायला तोंड नव्हतं. मागे सासूबाई रुमालाने लुगड्यावरचं क्रीम टिपत होत्या. गाडी अजून चालूच होती.

"एक विचारू का?" सासूबाई म्हणाल्या. "हा शेक हिवाळ्यात का हो येत नव्हता? मी तेव्हा किती गारठायची. तुम्ही म्हणायचात, हीटर लावलाय, एकवर ठेवलाय."

"हो. गरमला एक, गारला..."

फ्रिजकाकांनी त्या पांढऱ्याशुभ्र बटणाकडे पाहिलं. फ्रिजचं बटण. फ्रिजमध्ये सात म्हणजे सगळ्यात गार. पण हे बटण फ्रिजला कुठे होतं? गाडीत उजवीकडे फिरवलं, की पाच मिनिटांत तापलेल्या इंजिनाची गरम हवाच आत येते! त्यांनी बटण सातवरून उलटं फिरवत एकवर आणलं.

झरोक्यातून जी हवा आली, तिने सासूबाईंना शिंक आली. थर्मामीटर उतरत उतरत आठवर गेला आणि तिथेच थांबला.

काकू केकखालचा रिकामा पुठ्ठा घेऊन बाहेर आल्या, गाडीत बसल्या. गार हवा तोंडावर आली तशा त्या एकदा थर्मामीटरकडे, एकदा बटणाकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"कसा झाला दुरुस्त?" त्यांनी विचारलं.

फ्रिजकाकांनी खरं ते सांगितलं. घराच्या दारात उतरताना काकू म्हणाल्या, "एकदा एकवर ठेवून बघितलं असतंत, तर मी ओव्हन घेतला असता."

दोन महिन्यांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला. छोटा केक हवा होता, एका पुस्तकाचा. "बघू कसा पोचतो," त्या म्हणाल्या. काकूंनी जीव ओतून केक केला. त्या दिवशी फ्रिजकाका सकाळपासून तयार होते. गाडी धुतलेली, रबर खरवडून काढलेलं, बटण एकवर, आतमध्ये नुसतं काश्मीर. त्यांनी मागचं दार उघडून धरलं. काकू केक घेऊन त्यांच्यासमोरून गेल्या आणि मेहुण्याच्या पांढऱ्या गाडीत बसल्या.

"तुम्ही आईला घेऊन या मागून," त्या खिडकीतून म्हणाल्या. तेवढं म्हणाल्या, हेही नसे थोडके.

फ्रिजकाका सासूबाईंना शेजारी बसवून निघाले. पुलावर दोन्ही गाड्या एकामागे एक अडकल्या. समोरच्या गाडीत काकू मांडीवर केक धरून ताठ बसलेल्या दिसत होत्या. फ्रिजकाकांच्या गाडीत सात अंश होतं. बघायला मात्र कोणी नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई पदर गुंडाळून घेत म्हणाल्या, "गाडी बिघडली का हो तुमची? पूर्वीसारखी राहिली नाही."

आणि त्यांनी हात पुढे करून बटण सातवर नेलं. फ्रिजकाकांनी नेऊ दिलं.