उठला का तो?

ऑफिसात त्याला सगळे तज्ज्ञ म्हणत. एकदा अडकलेल्या प्रिंटरला त्याने वैतागून थापट मारली आणि तो सुरू झाला, एवढंच काय ते शिक्षण. पण पदवी चिकटली ती चिकटलीच, आणि (माणूस आहे शेवटी) त्यालाही ती आवडायला लागली. म्हणूनच नव्या कॉम्प्युटर विभागाला प्रमुख हवाय असं कानावर आलं, तेव्हा तो साहेबांसमोर बोलून गेला, "साहेब, झोपलेला कॉम्प्युटर मी इथे बसल्या बसल्या उठवतो. नेटवर्कवरून निरोप धाडला की तो जागा! माझ्या घरचाच उठवून दाखवतो."

"दाखवा," साहेब म्हणाले. "आज तीनला."

तीनला मीटिंगच्या खोलीत बारा माणसं जमली. तज्ज्ञाने बाह्या सावरून बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं आली: प्रतिसाद नाही. पुन्हा दाबलं. प्रतिसाद नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"घरीच विचारतो," म्हणत त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून (इथेच घात झाला) स्पीकर सुरू केला. बायको कामावर होती. फोन उचलला आठ दिवसांसाठी राहायला आलेल्या सासूबाईंनी.

"आई, आतल्या खोलीत बघा जरा. उठला का तो?"

आतल्या खोलीत सासरे झोपले होते. सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं.

"नाही उठले *ते*. जेवून आत्ताच लवंडलेत."

"अजून पडलाय? मग एक थापट मारा. जुना झालाय, ऐकत नाही. या महिन्यात मोडीतच काढणार आहे."

बारा माणसं टेबलाखाली बघू लागली.

"लेकीकडे आठ दिवस राहिलो, तर मोडीत?" सासूबाईंना हुंदका फुटला. "आजच निघतो आम्ही!"

"अहो आई, कॉम्प्युटर! मी कॉम्प्युटरबद्दल बोलतोय!"

"मग तसं सांगावं ना! त्याची वायर ह्यांनी सकाळीच काढलीये. हिरवा दिवा लुकलुकतो, डोळ्याला डोळा लागत नाही म्हणाले."

वीजच नाही, तर निरोप ऐकणार कोण! तज्ज्ञाने हातापाया पडून वायर लावायला लावली, पुन्हा बटण दाबलं, आणि पडद्यावर घरचा कॉम्प्युटर लख्ख उजळला. टाळ्या पडल्या. तज्ज्ञाची छाती वीतभर फुगली.

साहेब खूश होऊन फोनकडे वाकले. "बाई, तुमचे जावई हुशार आहेत हं! फक्त ऑफिस नऊचं आणि हे उगवतात साडेनऊला. यांना उठवायचं काही तंत्र?"

"आहे की," सासूबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "सातला हाक. मग पंखा बंद. मग पांघरूण ओढायचं. तरी हलले नाहीत, तर पायाचे अंगठे धरून खाली खेचायचं. लेक रोज तेच करते बिचारी."

साहेबांनी चष्मा लावून सगळं क्रमाने लिहून घेतलं. मग म्हणाले, "प्रमुखपदाचं उद्या ठरवू. सकाळी नऊच्या ठोक्याला या."

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ वेळेवर आला. त्याच्या वेळेवर, साडेनऊला.