पानावर बाद झालेला गेनबा

एका जंगलात, म्हणजे मोबाइलला रेंज फक्त जांभळाच्या झाडाखाली मिळते अशा जंगलात, सरूबाई नावाची अस्वलीण राहायची. तिचा मुलगा गेनबा बेसबॉल खेळायचा.

बाळांनो, बेसबॉल माहीत नाही? दांडक्याने चेंडू हाणायचा, मैदानाचे तीन कोपरे शिवायचे आणि कुणी चेंडू घेऊन आपल्याला गाठायच्या आत निघालो तिथे परत यायचं. झाली एक धाव. एवढ्यासाठी परदेशातून खेळ आणला! लगोरी काय वाईट होती? पण आमचं ऐकतंय कोण.

गेनबाच्या प्रत्येक सामन्याचे आकडे मोबाइलवरच्या एका पानावर यायचे. सरूबाईंना ते पान तोंडपाठ होतं. शेजारची खार सकाळी डोकावली की त्या सुरूच व्हायच्या.

"मंगळवारी माझा गेनू चारदा खेळायला उभा राहिला. चारदा बाद! सरासरी शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य!"

आणि आनंदाने टाळी द्यायच्या. आकडा कसला का असेना, पोटच्या पोराचा होता.

खारीने एकदा भीत भीत विचारलं, "अहो सरूबाई, मैदान तर टेकडीमागेच आहे. जाऊन बघत का नाही?"

"मैदानावर दशांश कुठे दिसतात गं?" सरूबाई म्हणाल्या.

हे पान भरायचं काम घुबडाकडे होतं. सामने भर दुपारी. दुपारी घुबड काय करतं? शाब्बास! म्हणून ते सामन्याआधीच मागचे आकडे बघून पुढचे लिहून टाकायचं आणि झोपायचं. गेनबा सलग नऊ सामन्यांत बाद झालेला, तेव्हा दहाव्यातही 'बाद' लिहून मोकळं. आजवर एकदाही चुकलं नव्हतं बरं का.

दहाव्या सामन्याच्या सकाळी कप्तान रानडुक्कर म्हणाला, "गेनबा, आज एक तरी धाव काढ. नाहीतर उद्यापासून तू आमचे दांडके पुसायचे."

गेनबा घरी धावला. "आई, आज तू ये ना. तू असलीस की मला जमेल."

सरूबाई गेल्या. मैदानाच्या कडेला एक जांभूळ होतंच, त्याखाली मोबाइल उघडून बसल्या. पान गोल गोल फिरत होतं.

चेंडू आला. गेनबाने डोळे गच्च मिटले आणि दांडका फिरवला. ठाप्प! चेंडू गेला तो थेट करवंदीच्या जाळीत. समोरच्या संघाचे चार ससे आत घुसले आणि "आई गं, काटे!" करत बाहेर आले. गेनबा सुटला! पहिला कोपरा! दुसरा! माकडं फांद्यांवर नाचायला लागली, दोन तर खालीच पडली आणि पडल्यापडल्या नाचली. गेनबाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो पळता पळता रडायला लागला. तिसरा कोपरा! आता फक्त वीस पावलं.

तेवढ्यात सरूबाईंचं पान उघडलं.

"गेनू!" त्या ताडकन उठल्या. "थांब! तू बाद झालायस!"

"आई, मी पळतोय!"

"ते दिसतंय मला. पण तू बाद आहेस. लोक हसतील रे बाळा, थांब!"

मुलाचं चारचौघांत हसं झालेलं कुठल्या आईला बघवेल? आणि आईचा शब्द गेनबाने कधी मोडला होता? तो थांबला.

पंच रानगव्याने जांभळाखाली येऊन खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि मान हलवली. "आहे खरं."

एवढ्यात पुन्हा आत घुसलेला एक ससा अंगभर काटे घेऊन जाळीतून बाहेर आला. त्याने चेंडू गेनबाच्या पोटाला अलगद टेकवला.

"बाद!" पंच ओरडला.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. काय टाळ्या! काय शिट्ट्या! काय ते पान! पंचाने लगेच जाऊन झोपलेल्या घुबडाला शाल पांघरली आणि शेजारी नारळ ठेवला.

गेनबा धापा टाकत आईजवळ आला. "आई, मी केवढा लांब मारला, बघितलंस ना?"

सरूबाईंनी बोटाने पान खाली सरकवलं, वर सरकवलं, पुन्हा खाली सरकवलं.

"कधी रे?"

तात्पर्य: पळणाऱ्याने आपण पळतोय की नाही, ते आधी पानावर बघून घ्यावं. आणि भविष्य लिहिणाऱ्याने खुशाल झोपावं. ते खरं करायला आपल्या मायेची माणसं जागी असतातच.