निमजेकाकांचा घोडा

मी निमजेकाकांचा खेळ संपवला.

अर्धवट नाही, पूर्ण. शेवटचा राक्षस मारला, शेवटचं दार उघडलं आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर खालून वर सरकू लागेपर्यंत संपवला. ज्या दारासमोर निमजेकाका तीन वर्षं उभे होते आणि आत पाऊल टाकत नव्हते, त्या दारातून मी एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शिरलो. वर मला वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकार करतो आहे.

माझा गुन्हा केवढा ते कळायचं तर आधी निमजेकाका कळायला हवेत. पुंडलिक निमजे, वय चौसष्ट, मुक्काम नागपूरचं नंदनवन, आमची नि त्यांची मधली भिंत एकच. घराणं विणकराचं. पंचविशीपर्यंत ते स्वतः वडिलांच्या हातमागावर बसले, मग सरकारी कचेरीत कारकून झाले, आणि निवृत्त झाल्यावर सेनापती झाले. सेनापतीची वेळ दुपारी दोन ते पाच. त्या वेळेत दारावर कुणी आलं तर काकू आतूनच सांगतात, "हे लढाईवर हायत, पाचनंतर या."

दोन ते पाचच का, असं मी एकदा विचारलं होतं. "त्याच टायमाले बाबाचा माग चालायचा," ते म्हणाले, जणू काही याहून सरळ उत्तर जगात नाही.

लढाईवर जायचा त्यांचा पोशाख ठरलेला आहे. बनियन, पायजमा, डोक्याला उन्हाचा दुपट्टा आणि त्या दुपट्ट्यावरून हेडफोन. शेजारी कूलर घोंघावत असतो. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्याला पिवळट धाग्यांचा एक झुपका बांधलेला आहे, टीचभर लांबीचा. लिंबू-मिरची मिळाली नसेल म्हणून नजर लागू नये यासाठी हा बांधला असावा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मी बऱ्याच गोष्टी बरीच वर्षं समजत असतो.

काकांच्या लेखी खेळ दोन जातीचे. एक मॅच, दुसरी गोष्ट.

मॅच म्हणजे दोघांची लढाई. दोघांनाही एकेक गाव मिळतं, चार शेतकरी मिळतात. त्यातून गाव वाढवायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याचं गाव जाळायचं. समोरचा कुठल्या देशात बसला आहे तेही माहीत नसतं. बाकीचे लोक पहिल्या पाच मिनिटांत तलवारी परजतात. काका शेती करतात. मग विहिरी. मग कुंपण. "पह्यले रयत, मंग राजा," हे त्यांचं युद्धशास्त्र. शत्रू सहा घोडेस्वार घेऊन दणदणत येतो तेव्हा काकांचे शेतकरी मानसुद्धा वर करत नाहीत. चाळीस मिनिटांनी काकांचे हत्ती निघतात, बुधवारच्या बाजाराला निघाल्यासारखे, आणि तासाभरात सगळं उरकून परत येतात. हरले तर ते समोरच्याला 'राम राम' लिहितात. जिंकले तर लिहितात 'जेवले का?' एका परदेशी सेनापतीने या प्रश्नावर आपल्या ताटाचाच फोटो पाठवला होता. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "भात कच्चा राह्यला याचा. म्हनून हरला."

मीही त्यांच्याशी लढलो आहे. मी बँकेत अधिकारी आहे, नव्या लोकांना नियोजन शिकवतो, तेव्हा एका माजी कारकुनाला हरवणं अवघड नव्हतं. मी कुठल्याशा लेखात वाचलं की फौज जंगलात दडवून ठेवावी आणि शत्रू बेसावध असताना बाहेर काढावी. तीस भालेकरी मी जंगलात दडवले. कुठल्या जंगलात, ते विसरलो. नकाशावर जंगलं पुष्कळ होती. अर्ध्या तासाने हेडफोनमधून काकांचा आवाज आला, "सुहास, हे तुहेच लोकं हायत का गा? माह्या लाकूडतोड्याले अडचन होऊन राह्यली."

तर ही मॅच. ती संपते, संपायलाच हवी, असं काका मानतात. गोष्टीचं मात्र निराळं. गोष्टीच्या खेळात आपण एक माणूस होऊन गावोगाव हिंडतो, सोबती जोडतो, लोकांची कामं करतो, आणि शेवटी एक मोठं दार आणि दारामागे एक मोठा राक्षस असतो. काका हे खेळ दारापर्यंत आणतात आणि तिथे सोडून देतात. असे सात खेळ त्यांच्या संगणकात दाराशी उभे होते.

शेवट त्यांनी एकदाच पाहिला, पहिल्या खेळाचा. त्याचा राग अजून उतरलेला नाही. "साठ घंटे मी लोकाइचे हरवलेले बैल शोधून देले. आन शेवटी हा मले तीन दारं दाखवते न् इचारते, कोनतं पाह्यजे? अरे, त्या बैलाइचं काय झालं ते सांग ना." त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं. शेवट बनवणाऱ्याचा असतो, मधला रस्ता आपला. शेवट पाहिला नाही म्हणजे सगळा रस्ता आपल्याकडे राहतो.

यातला सातवा खेळ मात्र त्यांच्या एकट्याचा नव्हता. तो त्यांच्या मुलीने, प्रीतीने, त्यांना शिकवला होता, लग्नाआधीच्या वर्षी. खेळातल्या घोडेस्वाराचं नाव तिने 'निमजे' ठेवलं, त्याच्या सोबतच्या धनुर्धारी मुलीचं 'छोटी निमजे' आणि घोड्याचं बंडू. लग्न होऊन ती पुण्याला गेली. दर दिवाळीत ती आली की बापलेक एका खुर्चीवर आणि एका स्टुलावर बसत. कळफलक बापाचा, माऊस लेकीचा. दाराशी पोचल्यावर दोघांनी ठरवलं, आत जायचं ते पुढच्या दिवाळीला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच ठरलं. त्यानंतरच्या दोन दिवाळ्या ती आलीच नाही. एकदा नवी नोकरी, एकदा सासूबाईंचं ऑपरेशन. निमजे, छोटी निमजे आणि बंडू दाराशी उभे होते.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही.

उमरेडला पुतण्याचं लग्न निघालं. काका-काकू आठ दिवस जाणार होते. काकांची अशी ठाम समजूत आहे की संगणक स्कूटरसारखा असतो, रोज किक मारली नाही तर जाम होतो. म्हणून घराची चाबी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"पंधरा मिनटं चालू करजो. खेळ उघडजो, बंडूले दाना टाकजो. दाराले हात लावजो नको. ते प्रीतीचं हाय."

बंडू उपाशी मरत नाही. दाणा टाकला तर खिंकाळतो, न टाकला तर उभा राहतो, इतकाच काय तो फरक. तरी चार दिवस मी इमानाने दाणा टाकला. चार दिवसांत माझी त्या दाराशी ओळख वाढली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीचं वगैरे सगळं निमित्त आहे. काकांना राक्षस झेपत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला ते कबूल करवत नाही. शेजारधर्म म्हणून मीच तो मारून ठेवला तर?

सतरा वेळा मेलो. अठराव्यांदा राक्षस पडला. खरं सांगायचं तर तो छोटी निमजेच्या बाणाने पडला, त्या वेळी मी खांबामागे होतो. मग एक लांबलचक शेवट सुरू झाला. पहाट, नदी, पूल, आणि छोटी निमजे आपली पिशवी उचलून पुलाकडे निघाली. मला तीनच्या आत बँकेत पोचायचं होतं. मी बटण दाबून तो शेवट पुढे ढकलला. नावं सरकली आणि खेळ पहिल्या पानावर आला. दाराशी परत जावं म्हणून शोधलं, तर त्या खेळात आपण कुठवर आलो याची नोंद एकच राहते असं कळलं, आणि तिच्यावर लिहिलं होतं, समाप्त.

पुढचे तीन दिवस मी कबुलीजबाबाची तयारी केली. शनिवारी ते दोघे परतले, आणि दारातच माझ्या तोंडून निघालं, "काका, अभिनंदन. तुम्ही जिंकलात."

काकांनी पिशव्या ठेवल्या. दुपट्टा न सोडता संगणकासमोर बसले. पहिलं पान बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, नागपुरात त्याची सोय उत्तम आहे.

"छोटी निमजेचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गेली. पुलावरून पलीकडे."

"मांगं वळून पाह्यलं का तिनं?"

मी सांगितलं की मला माहीत नाही. मला उशीर होत होता, मी ते ढकललं.

काका उठून अंगणात गेले आणि तुळशीला पाणी घालत बसले. काकूंनी ते सकाळीच पलीकडच्या शेजारणीकडून घालून घेतलं होतं म्हणे. मला स्वयंपाकघरात बसवून काकू हळू आवाजात म्हणाल्या की प्रीती लग्नानंतर पुण्याला निघाली त्या दिवशी हे स्टेशनबाहेर स्कूटर लावायला जागा शोधत फिरत होते. फलाटावर पोचले तेव्हा फलाट रिकामा होता.

काका परत आले तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याला बांधलेला तो धाग्यांचा झुपका बोटांनी सारखा करत बोलू लागले. तेव्हा कळलं की तो नजरेसाठी नव्हता. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा असतो. लुगडं विणून झालं की विणकर ताणा मुळापासून कापून मोकळा करत नाही. हातभर धागे मागावरच राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना वळून जोडतो. शेकडो धागे, एकेक करून. याला ते सांधणी म्हणतात. माग कधी उघडा, बिनधाग्याचा ठेवत नाहीत. काकांच्या आजोबांच्या ताण्याला वडिलांचा ताणा असाच सांधलेला होता.

"बाबा गेले, भावानं माग देऊन टाकला. नेनाऱ्याइनं ताना सरळ ब्लेडनं कापला. मी हापिसात होतो गा. आलो तं इतकंच उरलं होतं." त्यांनी झुपका सोडला. "तो एक बैलाइचा खेळ सोडला तं, तवापासून मी काईच संपवत नाई."

मी शनिवारची रात्र कशी काढली ते सांगत नाही. बायकोने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, राक्षस मारला. ती कूस बदलून झोपली.

रविवारी सकाळी प्रीतीचा फोन येतो, चेहरा दिसणारा. मला मुद्दाम बोलावलं होतं, आरोपीला बोलावतात तसं. काकांनी तिला जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, माझं नावही घेतलं नाही. ते काकूंनी घेतलं.

प्रीतीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुहासदादांनी? राक्षस?" या आश्चर्यात मला थोडा अपमान वाटला, पण बोलायची ती वेळ नव्हती. तिने बाबांना पहिलं पान उघडायला सांगितलं. तळाशी एखादी नवी ओळ दिसते का, असं विचारलं.

काकांनी चष्मा चढवला. ओळ इंग्रजीत होती, आधी कधी तिथे नव्हती. कचेरीतला अर्ज वाचावा तशी त्यांनी ती बोट ठेवून वाचली. अर्थ असा होता की जुन्या सामानासह नवा प्रवास. घोडा तोच, तलवार तीच, धनुर्धारी मुलगी तीच, तिचा बाणांचा भाता तोच. फक्त सुरुवात पहिल्या गावापासून. प्रीतीने सांगितलं की खेळ संपल्याशिवाय ती ओळ दिसतच नाही.

काकांचा हात पडद्यावरच्या झुपक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"सांधनी हाय हे," ते म्हणाले.

मग ते एकदम सेनापती झाले. पहिल्या गावापासून दारापर्यंत साठ तास लागतात. दिवाळीचा एक तास धरला तर साठ वर्षं. हा हिशोब त्यांनी तिला मोठ्याने सांगितला, आणि सांगताना ते कॅमेऱ्याकडे न पाहता कूलरकडे पाहत होते.

पलीकडे प्रीतीही थोडा वेळ कुठेतरी बाजूला पाहत होती. "दिवाळीत नाही भागणार मग," ती म्हणाली. "मी मे महिन्यात येते, पंधरा दिवस. कूलरमधलं खसचं गवत बदलून ठेवा, बाबा."

"बदलतो. आजच बदलतो," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, एका दृष्टीने पाहिलं तर हे सगळं माझ्यामुळेच जमून आलं. मी दार उघडलं नसतं तर ती ओळ कुणाला दिसलीच नसती, नियोजन म्हणतात ते हेच.

काका संगणकाकडे वळले. त्यांनी ती ओळ निवडली. पहिलं गाव आलं. लिंबाच्या झाडाखाली बंडू उभा होता. निमजेने पुढे होऊन त्याला दाणा टाकला आणि बंडू असा खिंकाळला की काकू हात पुसत बाहेर आल्या.

"मंगळवारनंतर याले दाना टाकला होता का गा, सुहास?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, खेळ संपला होता, मग दाणा कुणाला टाकणार?

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या घोड्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "यापेक्षा चाबी त्या घोड्याजवळ देली असती तं बरं झालं असतं."